पेंगेचं भाषांतर

बाईंनी उभं आयुष्य परभाषेतले कागद आपल्या भाषेत आणण्यात घालवलं. आधी शिलाई मशीनची माहितीपत्रकं यायची, मग मिक्सरची. गेली काही वर्षं मात्र आजारच येत होते. समुद्रापलीकडची एखादी कंपनी आधी गोळी काढायची आणि मग जगभर तिच्यासाठी रोगी शोधत हिंडायची. लाजणं, जास्त बोलणं, परीक्षेआधी पोटात गोळा येणं, सगळ्याला भारदस्त नाव लागायचं. ती नावं घडवताना बाईंची हसून हसून पुरेवाट व्हायची.

या खेपेला आली जेवणानंतरची पेंग. बाईंनी तिचं 'भोजनोत्तर जागृतिन्यूनता' असं बारसं केलं. सोबत अकरा प्रश्न होते. ते पाच साध्या माणसांना विचारायचे आणि त्यांना नीट कळले, की भाषांतर बरोबर असल्याच्या दाखल्यावर बाईंनी सही करायची.

सुरुवात घरातूनच झाली. बाईंचे वडील, अण्णा, निवृत्त घड्याळजी. बसल्या बसल्या झोप काढण्यात पटाईत.

"जेवल्यावर डोळे जड होतात?"

"होतात."

"हातातलं पुस्तक गळून पडतं?"

"रोज."

दहा प्रश्न झाले. "दहापैकी दहा," बाई म्हणाल्या.

अण्णांची कॉलर ताठ झाली. शाळेत त्यांना कधी पैकीच्या पैकी पडले नव्हते. त्यांनी खिडकीतून खालच्या सलूनवाल्याला निकाल ऐकवला. तो कात्री ठेवून दोन गिऱ्हाइकांसह वर आला. त्याला आठच पडले, तर गडी रुसून बसला. भेटायला आलेल्या बाईंच्या शिक्षिका नणंदेने नऊ मिळवले आणि पेपर फेरतपासणीला मागितला.

अकरावा प्रश्न होता, 'याचा तुम्हाला त्रास होतो का?' पाचही जण म्हणाले, नाही. आणि त्रास नसेल तर आजार नाही, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं.

बाईंनी उत्तरं तशीच पाठवली, तर दुसऱ्या दिवशी भाषांतराचं काम देणाऱ्या एजन्सीच्या साहेबांचा फोन आला. "बाई, कंपनी म्हणते भाषांतर चुकलंय. इतर देशांत लोक 'हो' म्हणतात. 'त्रास' काढा, 'परिणाम' घाला. नाहीतर पुढची दोन वर्षं आपल्याला काम नाही."

बाईंचं घर त्याच कामावर चालत होतं. त्यांनी अण्णांना पुन्हा विचारलं, "परिणाम होतो का?"

"होतो ना. उठल्यावर चहा लागतो." मग ते थबकले. "म्हणजे मी आजारी आहे?"

त्या दुपारी अण्णा खुर्चीत ताठ बसून राहिले. मान कलली की दचकून डोळे चोळायचे. दुसऱ्या दुपारीही तेच. बाईंना सणसणीत राग आला. एवढा चांगला झोपणारा माणूस एका शब्दाने बिघडला होता. त्यांनी तडक साहेबांना फोन लावला. पलीकडचा आवाज घोगरा होता.

"झोपला होता का, साहेब?"

"छे, जरा डोळा लागला."

"रोज लागतो?"

"लागतो की."

"त्रास होतो?"

"त्रास कसला, बाई? दिवसभरात तेवढंच तर सुख," साहेब बोलून गेले.

"पाच जणांना विचारलं होतं, आता सहा झाले," बाई म्हणाल्या. "'त्रास'च ठेवते. बदलायचा असेल तर सही दुसऱ्या कुणाची घ्या."

साहेबांनी आधी घसा खाकरला. मग साहेब खो खो हसत सुटले. "ठेवा. कंपनीचं काय ते मी बघतो."

बाई आत गेल्या. "अण्णा, तुम्हाला काही झालेलं नाही. मी लिहून दिलंय."

"नक्की ना?" अण्णांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत ते घोरायला लागले.