पहिल्याला साय, शेवटच्याला चिखल

आमचे चुलते जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. जिवंत होते तेव्हा घरातले सगळे मूग गिळून बसले, आणि आता ते नाहीत तर त्यांचं नाव निघालं की 'माणूस मनानं चांगला होता' म्हणतात. मनानं चांगला असेल. त्या मनाचा उपयोग आम्हाला कधी झाला नाही.

घोड नदी भीमेला मिळते, तिथून वरच्या अंगाला कोसभरावर आमची वस्ती. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, आणि मध्ये नुसती सपाटी. पावसाळ्यात भीमा फुगली की घोडचं पाणी मागं रेटायची आणि ते पाणी त्या सपाटीवर हातपाय पसरून बसायचं. दिवाळीनंतर ओसरायचं. मागं राहायची डबकी, लव्हाळं, पाणकणसं आणि गाळाची ओली मळई. चढ नाही, उतार नाही, पायाला बोचेल असा दगड नाही. तान्ह्या पोराला काखेत घेऊन बाईनं चालावं आणि म्हाताऱ्यानंही चालावं अशी ती जागा. डबक्यांत करकोचे एका पायावर उभे असायचे आणि टिटव्या आमच्या डोक्यावरून ओरडत जायच्या.

आमच्या आज्याची मेंढरं होती. वर्षातले आठ महिने सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून ही माणसं चालायची. वडलांच्या काळात जमीन आली, विहीर आली, मेंढरं विकली गेली आणि चालणं थांबलं. ते वडलांना काही मानवलं नाही. म्हणून त्यांनी एक रीत धरली. चंपाषष्ठी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या घरानं त्या सपाटीतून संगमापर्यंत चालत जायचं. तिथं काम काही नाही. भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत खायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं आणि उन्हं कलायच्या आत परत यायचं. शेजारपाजारचे हसायचे. कामाशिवाय चालतं कोण? वडील म्हणायचे, मेंढरं गेली ती गेली, पाय तरी जाऊ देऊ नका.

या चालण्याला एक नियम होता. लंगडं असेल ते पुढं. माझ्या धाकट्या बहिणीचा डावा पाय लहानपणी तापात वाळला होता. ती वडलांची काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं चालायची आणि आम्ही तिच्या चालीनं मागं. ती थांबली की घर थांबायचं. तिला करकोचा दिसला की तो सगळ्यांनी बघायचा. एरवी वर्षभर ती लंगडी, त्या दिवशी ती म्होरकी. आदल्या रात्री तिला झोप यायची नाही.

आम्हाला हे लाडानं केलेलं वाटायचं. तसं नव्हतं. मळईच्या गाळावर वरून वाळलेला एक पापुद्रा असतो, दुधावरच्या सायीसारखा. पहिलं माणूस त्यावरून सहज जातं. दुसऱ्याच्या पायानं तो फाटतो, पाचव्याच्या पायानं त्याचा राडा होतो. 'पहिल्याला साय, शेवटच्याला चिखल' असं आमच्यात म्हणतात ते यावरूनच. पाय उपसून काढायचं बळ ज्याच्यात नाही, त्यानं पुढं चालायचं. मेंढरांचंही तेच. आणि हे आमच्या चुलत्यांना वडलांइतकंच ठाऊक होतं, कारण दोघंही त्याच कळपामागं वाढले होते. माझा राग इथंच आहे. ते नकळत चुकले असते तर मी कधीच विसरले असते.

वडील वारले आणि घराचा कारभार चुलत्यांकडे आला. वर्ष उलटायच्या आत त्यांनी माझं लग्न काढलं. स्थळ दौंडचं, मुलगा रेल्वेत. मुलगा, त्याची आई आणि मामा चंपाषष्ठीला आले. बघणं झालं, जेवणं झाली, पाहुणे मुक्कामाला राहिले. सकाळी संगमाला जायचा दिवस. चुलत्यांनी मोठ्या ऐटीत पाहुण्यांना बरोबर चला म्हटलं. जशी काही ती सपाटी यांनीच अंथरली होती.

मग ते मागच्या दारी आले. आई भाकऱ्या बांधत होती. धाकटीनं काठीला तेल लावून ठेवलं होतं. चुलते म्हणाले, हिला आज घरी ठेवा. अपंग पोरगी दिसली की पाहुणे म्हणणार, घराण्यातच खोट आहे. आई म्हणाली, ती नाही तर मीही नाही. नवरीची आई नाही म्हटल्यावर पाहुणे विचारणार, म्हणून चुलत्यांनी तोड काढली. धाकटीकडे वळून म्हणाले, "तू समद्यांच्या मागनं ये. आन् पाव्हण्यांम्होरं हाका मारायच्या न्हाईत."

आईनं भाकरीच्या फडक्याला गाठ मारली. दिराच्या जिवावर राहणारी विधवा बाई, बोलणार काय? मी माझ्या लुगड्याचा पदर चावत उभी होते. मला वाटलं होतं धाकटी रडेल. तिनं नुसती मान हलवली.

निघालो. पुढं बूट घातलेला नवरामुलगा, त्याच्या बाजूला चुलते. ही नदी, ती मळई, हा बगळा, असं त्याला बोटानं दाखवत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. पाहुण्यांना चालायची सवय नव्हती, पण घाई फार. झपाझपा चालले. त्यांच्यामागं चुलती, पोरं, मग आई आणि मी. मला मागं बघायचं नाही अशी ताकीद होती. नवऱ्यामुलीनं खाली बघून चालायचं. खाली बघितलं म्हणूनच मला दिसलं की आमच्या पायांखालची साय कधीच फाटली आहे आणि पावलांत पाणी भरतंय. मी वळले. लव्हाळ्याच्या वर धाकटीचं डोकं दिसेना.

मी पळत मागं गेले. ती चांगल्या पायानं मांडीपर्यंत रुतली होती. सगळा भार त्याच पायावर, तर रुतणारही तोच. वाळका पाय वर दुमडून ती एका अंगावर कलली होती आणि काठी अर्धी गाळात गेली होती. आम्ही होतो हाकेच्या अंतरावर. टिटवी ओरडलेली ऐकू येत होती.

"हाक का न्हाई मारलीस?" मी ओरडले.

"नगं म्हणलं हुतं," ती म्हणाली.

आजही हे लिहिताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पोर चिखलात जात होती आणि तिनं तोंड मिटून धरलं होतं, माझ्या लग्नाला अडचण नको म्हणून. असलं लग्न काय करायचं होतं मला?

आई आली. आम्ही दोघींनी तिला काखेत धरून ओढून काढलं. तोवर पाहुणे थांबले होते. मुलाच्या आईनं लांबूनच विचारलं, ती मुलगी कोण. आणि चुलते म्हणाले, "गड्याची पोरगी हाय. येती आपली मागनं."

सख्ख्या भावाची मुलगी. भावाची काठी तिच्या हातात. तिनं ते ऐकलं, मी ऐकलं, आईनं ऐकलं.

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. पदरानंच धाकटीचं तोंड पुसलं, तिला हाताला धरून सगळ्यांच्या कडेनं पुढं नेलं आणि पाहुण्यांसमोर उभं केलं. "ही माझी धाकटी," ती म्हणाली. "हितनं म्होरं ही पुढं चालल. हिच्या पुढं कुणी जायचं न्हाई."

संगमावर जाणं आणि परतणं, दोन्ही तिच्या चालीनं झालं. परतताना मुलाच्या मामांना दौंडची एसटी गाठायची होती. त्यांनी दोनदा बाजूनं पुढं घुसायला बघितलं. दोन्ही वेळा आईनं कळप अडवतात तसा आडवा हात धरला. एसटी चुकली. पाहुण्यांनी आमच्या ओट्यावर तोंड पाडून रात्र काढली आणि सकाळी गेले. दौंडचा निरोप काही आला नाही.

चुलते वर्षभर बोलत राहिले. हिच्या पायानं स्थळ गेलं, हिचा पाय घराला नडला. जेवताना, गुरं बांधताना, आल्यागेल्यासमोर. मी दोनदा उलटून बोलले, तर आईलाच ऐकून घ्यावं लागलं. मला ते स्थळ गेल्याचा आनंद झाला होता, हे मी सांगून दमले. पण बोललेलं जिथं जायचं तिथं गेलंच.

पुढच्या चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायला उभे राहिलो. चुलते अंगणाच्या तोंडाशी जाऊन पुढं उभे. धाकटी काठी घेऊन आली आणि आपल्या आपण सगळ्यांच्या मागं जाऊन थांबली.

आईनं तिला पुढं बोलावलं. ती म्हणाली, "मी मागनंच येते. तिथंच बरी हाय."

या एका वाक्यासाठी मी चुलत्यांना माफ केलेलं नाही. चिखलातनं आम्ही तिला ओढून काढली होती. यातनं कशी काढायची?

आईनं डोक्यावरची भाकरीची पाटी खाली उतरवली आणि उंबऱ्यावर बसली. "मग आज वाडा हालत न्हाई," ती म्हणाली. मेंढरांचा तळ जागचा उठतो त्याला आमच्यात वाडा हलणं म्हणतात. वाडे जाऊन किती वर्षं झाली होती, तरी शब्द तोच आला. मी बसले. पोरं बसली. चुलतीसुद्धा बसली. चुलते एकटे उभे राहून ओरडत होते, चला म्हणत होते. कुणी हललं नाही. उन्हं अंगणात आली, कुत्रं येऊन पाटीशी बसलं.

धाकटी मागं उभी होती. तिचा वाळका पाय थरथरायला लागला तरी बसली नाही. मग तिनं काठी आपटली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला रागावलेली पाहिली. तरातरा लंगडत ती आमच्यातून पुढं आली, चुलत्यांच्या समोर थांबली आणि ते बाजूला होईपर्यंत तशीच उभी राहिली. मग मागं न बघता म्हणाली, "उठा मग. बसलाय कशाला?"

आम्ही उठलो. त्या दिवशी सगळ्यात मागं चुलते होते. संध्याकाळी परतले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. दारात उभं राहून त्यांनी पाय धुवायला पाणी मागितलं. मी रांजणापाशीच उभी होते. मी दिलं नाही.