गाळलेली पायरी

बाइंडरकाकांचा स्वभावच संशयी. कुणी हसून विचारपूस केली, की यांना वाटायचं, हा काहीतरी काढून घ्यायला आलाय. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी तीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधली, वाचलं मात्र एकही नाही. नव्या साहेबांनी तुमचं काम पायरी-पायरीनं लिहून द्या म्हटलं, तेव्हा काकांच्या मनात पाल चुकचुकली.

त्याच आठवड्यात एक जुनी विनोदी कादंबरी दुरुस्तीला आली. लिहून चाळीस वर्षं झालेली, आणि तिच्यात रंगवलेला पुढचा काळ म्हणजे साधारण आजचाच. पान चिकटवताना काकांची नजर एका ओळीवर गेली नि तिथंच अडकली. गोष्टीतल्या कचेरीत प्रत्येकाकडून त्याचं काम लिहून घेतात, ते कागद एका कपाटाला खायला घालतात आणि कपाट कामाला लागलं, की माणसाला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवतात. लोक हे वाचून पोट धरून हसत असतील. काकांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं.

ही नेमकी आत्ताच माझ्या टेबलावर कशी? कुणीतरी मुद्दाम छापून, जुनी भासवून ठेवली असणार. काकांनी सरळ पुस्तकाची पाठ उसवली. आतल्या शिवणीची शेवटची गाठ डावीकडे मारलेली. तशी गाठ या वाचनालयात एकच माणूस मारतो. म्हणजे पुस्तक खरंच जुनं होतं; वीसेक वर्षांपूर्वी काकांनीच ते शिवलं होतं, न वाचता. त्यांना स्वतःचाच राग आला.

मग त्यांनी साहेबांना सुवाच्य अक्षरात चौदा पायऱ्या लिहून दिल्या. एक गाळली: कागद कुठल्या बाजूनं सहज वळतो ते पाहूनच तो पुठ्ठ्यावर डकवायचा.

साहेबांनी तो कागद देवघेवीच्या खिडकीवरच्या वहिनींना दिला. काका दोन वर्षांनी निवृत्त होणार, तोवर वाचनालयातलंच कुणी तयार व्हावं, असं म्हणे. काकांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. वहिनींनी हौसेनं बारा पुस्तकं बांधली. वाळल्यावर बाराही पुठ्ठे वाकले. साहेब म्हणाले, हे यांना जमण्यातलं नाही, पुस्तकं बाहेर बांधायला देऊ. वहिनी मान खाली घालून उभ्या राहिल्या.

काकांना ते बघवेना. "वहिनींचं काही चुकलं नाही. एक पायरी मी लिहिलीच नव्हती."

"का?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्यावर विश्वास नव्हता."

"आणि आता?"

"अजून नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी वहिनींसाठी आपल्या टेबलाशी खुर्ची ओढली. "लिहून देणार नाही. यांच्या हातात कोरा कागद देऊन, तो वळवून बघायला लावून शिकवतो."