‘तक्रार नाही’ म्हणजे काय

अर्डिस टोलेफसननं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, तीही बर्फातून आणि बीटाच्या ट्रकांनी चिखल करून ठेवलेल्या रस्त्यांवरून. कुणाचा बाप पुन्हा प्यायला लागलाय, कुणाच्या घरात काल जेवण झालं नाही, हे तिला बसमध्ये चढणाऱ्या पोराच्या तोंडावरून कळायचं. म्हणून ती निवृत्त झाल्यावर काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, फाउंडेशननं तिला अनुदान समितीवर घेतलं. इथली माणसं मरताना थोडंफार गावासाठी ठेवून जातात. ते कुणाला द्यायचं, हे सात जण टेबलाभोवती बसून ठरवतात. पगार शून्य, शिव्या भरपूर!

समितीचा एक नियम कडक होता. अर्जदाराशी नातं असेल, तर त्या अर्जापुरतं उठून बाहेर बसायचं. आता या काउंटीत कुणाचं कुणाशी नातं नाही? गेल्या वेळी वाचनालयाच्या अर्जाला चौघं उठून गेली, आणि आत राहिलेल्या तिघांपैकी एकाला ऐकूच येत नव्हतं.

या ऑक्टोबरात मात्र उठून बाहेर बसायची पाळी अर्डिसवर येणार होती. तिची धाकटी बहीण लव्हॉन चर्चच्या तळघरात स्वयंपाक करून शेतावर एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवते. तिथल्या मोठ्या शेगडीचा एकच बर्नर धड पेटत होता. नवी शेगडी आली नाही, तर बर्फ पडायच्या आत जेवण बंद. आणि अर्जात ‘तुमची अडचण सांगा’ असं विचारलंय, तिथं या बाईसाहेबांनी लिहिलं होतं, ‘बरं चाललंय. तक्रार नाही. शेगडी मिळाली तर हरकत नाही.’

“अगं, हे काय लिहून ठेवलंस?” अर्ज हातात पडल्या पडल्या अर्डिस फोनवर ओरडली.

“मग काय रडगाणं गाऊ? आपल्या घरात कधी कुणी हात पसरलाय?”

कपाळ! मुदत संपली होती. आता एक अक्षरही बदलता येणार नव्हतं.

त्यात समितीवर या वेळी नवा माणूस आला होता. डेव्हन प्रुइट, मिनियापोलिससारख्या मोठ्या शहरातून येऊन इथं औषधांचं दुकान चालवणारा. गडी भला, पण लिहिलंय तेवढंच वाचणारा. बैठकीत पहिलाच अर्ज निघाला तो रुग्णवाहिकेवर फुकट राबणाऱ्यांचा.

“हे तर म्हणतायत, ‘निभतंय, तक्रार नाही’,” डेव्हन म्हणाला. “मग द्यायचं कशाला?”

अर्डिसनं चष्मा काढला. “डेव्हन, माझा बाप ट्रॅक्टरखाली सापडला होता. पाय मोडलेला. शेजारी धावत आला, ‘कसं काय?’ तर बाप म्हणतो, ‘बरं आहे, तक्रार नाही.’ इथला माणूस ‘तक्रार नाही’ म्हणाला ना, की घराला आग लागलीय असं समजायचं. आणि ‘जरा ओढाताण आहे’ म्हणाला, तर शेवटच्या प्रार्थनेला थेट पाद्र्यालाच बोलवायचं.”

सगळे खो खो हसले. डेव्हननं पेन्सिलीनं काहीतरी टिपून घेतलं. त्या अर्जाला पैसे मिळाले.

पुढचा अर्ज चर्चच्या स्वयंपाकघराचा. अर्डिस नियमाप्रमाणे उठली.

“जा, कॉफी ताजी केलीय,” अध्यक्ष ग्लेन म्हणाला.

बाहेर बाकावर ती कॉफी घेऊन बसली, पण नजर दारावरच. एक वाक्य बोलू दिलं असतं, तर तिनं त्या शेगडीची सगळी कुंडली मांडली असती. रुग्णवाहिकेचं पाच मिनिटांत आटोपलं होतं, इथं वीस होऊन गेली. कॉफी गार झाली. गेलं, तिनं मनाशी म्हटलं. यंदा म्हातारे डबाबंद सूपवर हिवाळा काढणार.

दार उघडून डेव्हननं तिला आत बोलावलं आणि अर्ज तिच्यापुढे सरकवला. ‘तक्रार नाही’ या शब्दांखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली होती. शेजारी लिहिलं होतं, ‘आग लागलीय.’ खाली ग्लेनचा ‘मंजूर’ असा शिक्का.

बैठक संपल्यावर गाडीत बसून तिनं बहिणीला फोन लावला.

“मिळाली गं शेगडी.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

“लव्हॉन? ठीक आहेस ना?”

“तक्रार नाही,” लव्हॉन हुंदके देत म्हणाली.