बाहेरची कडी

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मशीनताईने एक गणवेश हातावेगळा करून दुसरा सुईखाली घेतला. खिडकीखाली गल्लीतले कुत्रे केव्हाचे येऊन बसले होते. तिच्या पायाशी भुरी, चार वर्षांची दांडगी कुत्री, स्वतःला चाटत पडली होती. ती माजावर आली होती.

मशीनताई हे गल्लीने ठेवलेलं नाव. नवरा गेल्यावर ती शिलाई मशीन घेऊन धाकट्या भावाकडे आली, तेव्हापासून मागची खोली तिची. कुत्री भावाची, राखण हिची. भुरी माजावर असली की तीन आठवडे खोलीला बाहेरून कडी. एकदा भुरी निसटली होती, तेव्हा भावानेच ही कडी बसवली. ताईला बाहेर यायचं तर तिनेही दार वाजवायचं.

भुरी लहान असताना डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं होतं, "मोठ्या जातीची आहे. वाढ पुरी होऊ दे, सांधे भरू देत. तोवर थांबा, मग मात्र पिल्लं बंद करायचं ऑपरेशन लगेच उरका. माजागणिक स्तनात गाठी होण्याचा धोका वाढतो. पुढे गर्भाशयात पू झाला तर जिवावर बेततं."

भावाने त्यातलं 'थांबा' तेवढं उचललं.

गेल्या आठवड्यात तो एकदाचा "ने बाई, डोकं खाऊ नकोस" म्हणाला. ताई भुरीला घेऊन गेली, तर टेबलावरच रक्ताचे थेंब दिसले.

"आत्ता नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माजावर असताना रक्तस्राव जास्त होतो. दोन-तीन महिन्यांनी आणा."

"एकदा पिल्लं झाली की तब्येत चांगली राहते म्हणतात?"

"कोण म्हणतं?"

"भाऊ."

"त्यांना किती झाली?"

ताई हसली होती. आज हसू येत नव्हतं. भाऊ चहाचा कप घेऊन दारात उभा होता.

"उद्या नऊला आमच्या ऑफिसातले साहेब त्यांचा कुत्रा आणतायत. एक पिल्लू कबूल केलंय त्यांना."

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे रे. मग ऑपरेशनच करायचंय."

"आधी पिल्लं, मग ऑपरेशन. पळून जातंय का ते?"

"चार वर्षं हेच ऐकतेय."

"तुला मूलबाळ झालं नाही, म्हणून तिलाही होऊ द्यायचं नाही, असंच ना?"

ताईची शिवण वाकडी गेली, ती तिने उसवली. भाऊ कडी घालून कामावर गेला.

दुपारी भावजय ताट घेऊन आली. ताईने मशीनच्या खणातला स्क्रू ड्रायव्हर काढला, बाहेर जाऊन कडी सोडवली आणि दाराच्या आतल्या बाजूला बसवायला घेतली. भावजय बघत राहिली.

"वन्सं, मी आंघोळीला गेले होते बरं का. मला काही दिसलं नाही."

"दोन दिवसांचं पाणी भरून दे."

"आणि हे चिडले तर?"

"चिडेलच. घर त्याचं आहे."

मोरी खोलीतच होती. ताईने आत येऊन कडी घातली. भुरीने दार हुंगलं आणि पुन्हा मशीनखाली जाऊन पडली.

उद्या शाळेचे सहा गणवेश द्यायचे आहेत. ते खिडकीच्या गजांतून दिले जातील.