बालपण पाहिलेलं माणूस

घुम्या चांगला बेचाळीस वर्षांचा बाप्या. रफू असं करी की कोट कुठं फाटला होता ते घालणाऱ्या मालकालाही सापडू नये. पण गिऱ्हाइकानं "काय म्हणता?" विचारलं की याची दातखीळ बसायची. दोघं एकदम बोलू लागले की कान दाबून हा मागच्या खोलीत. आपण असे का, हे त्याला एकदाचं जाणून घ्यायचं होतं. ऑटिझम असावा, हे त्यानंच वाचून काढलं. खाजगी डॉक्टरची फी भरायची तर शिलाई मशीन विकावी लागली असती. शेवटी एका कॉलेजच्या दवाखान्यात स्वस्तात तपासतात असं कळलं. अकरा महिन्यांनी नंबर लागला. अट एकच: बालपण पाहिलेलं माणूस सोबत आणा.

आई गेलेली. उरली थोरली ताई.

"लहानपणी कसे होते हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमचा घुम्या? अगदी गुणी हो! कुणाच्या अध्यात ना मध्यात. चारचौघांसारखाच." घरचं उणं परक्यापुढं कोण काढतं?

बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "लहानपणी काहीच नव्हतं, तर ऑटिझम म्हणता येणार नाही."

घुम्या नुसता अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत राहिला. ताईनं बाईंच्या कागदावर बोट ठेवलं.

"खोडा ते. खोटं बोलले मी."

बाईंनी खोडलं.

"ताटात भाताला भाजी लागली की हा उठायचा. मी मुद्दाम कालवून द्यायची, जिरवायची म्हणून. तासन्‌तास बटणं रंगवार मांडायचा. मी लाथेनं उधळायची. रडायला लागला की मैत्रिणींना हाक मारायची, या गं, गंमत बघा."

"आणि घुम्या हे नाव?"

"मीच ठेवलं. मग गल्लीनं उचललं, मास्तरांनीही." ताईचा आवाज खाली गेला. "माझ्या लग्नात लाऊडस्पीकर सुरू झाला नि हा टेबलाखाली शिरला. एकोणीस वर्षांचा घोडा! सासूबाईंनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, मांडववाल्याचा माणूस असेल."

तिनं भावाकडं बघायचं टाळलं.

"ताई, कपाटाचं राहिलं," घुम्या म्हणाला. किराणा आणताना मीठ राहिलं असं सांगावं, तसा. रागावला असता तर बरं झालं असतं.

"कपाटात कोंडायची मी याला," ताई म्हणाली. "दोनदा."

"चारदा."

बाईंनी चार लिहिलं.