ऐनाच्या सालीवरचं जोडपं

संपादक मंडळी, सगळे बरे आहात ना? वासुदेव सरांचा गुडघा आता कसा आहे? घरी सुमनताईंचा खोकला थांबला का? अन् वासुदेव सरांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, ते आधी कळवा, गौरवग्रंथाचं नंतर.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांनी शोधलेल्या दुर्मीळ पतंगावर लिहा, असं तुम्ही कळवलं. बसलो लिहायला, पण त्याचं नाव काय लिहू, इथंच गाडी अडली.

सरांची पहिली भेट आमच्या लाखांदूरकडच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, रानात झाली. ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडल्या, की मासळी खाऊन, चपला घालून किंवा अंघोळीवाचून कोणी आत यायचं नाही, बाहेरच्यानं तर नाहीच, हा आमचा नेम. सर धुऱ्यावरून, म्हणजे रानाच्या बांधावरून, दुर्बिणीनं साली न्याहाळत होते. मी विचारलं, "सर, झाड पाहाले दुर्बीण कायले?" म्हणाले, पतंग नखाएवढा आहे, सालीच्याच रंगाचा, अन् तुमचा नेम मोडायचा नाही.

धुऱ्यावरच्या झाडांवर त्यांना दोन दिसले. करडा, डोकं वर करून बसणारा. काळपट, बुडाशी डोकं खाली करून बसणारा. या दोन जाती, असं ठरवून त्यांनी दोघांना वेगवेगळी नावं दिली अन् शाळाशाळांत तेच सांगितलं. पण दोन्ही एकाच झाडावर काहून, हे कोडं सुटेना. कित्येक हंगाम सर बाहेरच उभे. शेवटी मागच्या हंगामात माझी बायको शकुंतला म्हणाली, "सारे नेम पाळनारा मानूस बाहेरचा कसा?" अन् त्यांना आत घेतलं.

भर दुपारी एका बुंध्यावर करडा अन् काळपट शेपटीला शेपटी लावून बसलेले. सर दुर्बीण बाजूला ठेवून वाकून पाहू लागले. शकुंतला म्हणाली, "काय सर, इतके वर्स नवराबायकोले शेजारी समजून राहिले तुमी?"

सर पोटभर हसले. मग ज्या ज्या शाळेत दोन सांगितले होते, तिथं पुन्हा गेले. "मी चुकलो होतो," म्हणाले, अन् शकुंतलेचं नाव घेऊन एकच जात असल्याचं सांगितलं. अशी माणसं आम्ही थोडीच पाहिली.

पण माझा गोंधळ तसाच आहे. दोन नावांतलं खरं कोणतं? का दोन्ही खोटी? काळपट मादी डोकं खालीच का करते? सर म्हणतात, या जातीची अळी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव छापायचं नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच, की ती अळी दिसेपर्यंत सरांच्या डोळ्यांत उजेड राहो, अन् त्यानंतरही पुष्कळ वर्षं त्यांचे पाय आमच्या रानाकडे वळत राहोत. यंदा त्यांचा पाट धुऱ्याच्या आत मांडणार आहोत. लेखात नावाची जागा मात्र कोरी सोडली आहे. ती कोरीच छापता का, ते लवकर लिहून कळवा.