मस्कतचा खजूर

निवृत्त झाल्यावर मी ब्लॉग सुरू केला तेव्हा संगणकावर मराठी लिहायचं म्हणजे आधी फाँट मिळवावा लागे. भाईंदरच्या केबिन रोडवर लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानदारानं त्याच्याकडचा फाँट मला फ्लॉपीवर घालून दिला. ज्याच्याकडे तो फाँट असेल त्यालाच माझं मराठी दिसायचं. बाकीच्यांना नुसती इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच डॉलरची खूण. आधी फाँट उतरवून घ्या, अशी सूचना मी वर ठेवली होती. पुण्यातले, परदेशातले थोडे वाचक तेवढे कष्ट घेत.

सकाळी पाणी भरून झालं की मी लिहायला बसे. कचेरीत जन्मभर टिपण्या लिहिल्यामुळे एक सवय हाडात भिनली होती. 'असे निदर्शनास आले आहे' असं लिहायचं. कोणाच्या, ते लिहायचं नाही. वाक्यातून 'मी' काढला की ते सरळ पळतं. ब्लॉगवर त्यालाच लोक संयम म्हणू लागले.

सगळ्यांत जास्त वाचला गेला तो धाकट्या बहिणीवरचा लेख. ती भाईंदरला तळमजल्यावर राहून ब्लाउज शिवायची. तिचा नवरा तिला सोडून गेला होता आणि सुरतेला दुसरीबरोबर राहत होता. हे आम्हा दोघांनाच ठाऊक. बिल्डिंगच्या लेखी तो मस्कतला नोकरीला होता. लेखातली बाई दर रमजानात मीरा रोडच्या नया नगरच्या बाजारातून खजूर आणते, परदेशी बिस्किटांच्या डब्यात भरते आणि नवऱ्यानं पाठवला म्हणून घरोघर वाटते. नाव दिलं नव्हतं. पण शिलाई मशीन, तळमजला, गळ्यातलं मंगळसूत्र, सगळं होतं. वाचकांनी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं.

एकदा ती मीरा रोडला माझ्याकडे आली. संगणक नुकताच दुरुस्त होऊन आला होता, फाँट पुसला गेला होता. पडद्यावर तोच लेख उघडा होता.

"दादा, तू इंग्रजीत लिहितोस?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

तिनं बिल्डिंगभर सांगितलं की आमचा दादा इंग्रजीत लिहितो. बायकांना दाखवायला म्हणून ब्लॉगचा पत्ता मागितला. तो मीच चिठ्ठीवर लिहून दिला. तिथं कोणी फाँट उतरवून घेण्याच्या फंदात पडणार नाही, याची मला खात्री होती.

दोनेक वर्षांत युनिकोड आलं. कुठल्याही संगणकावर मराठी आपोआप दिसू लागलं. जुना मजकूर बदलून देणारी एक सोयही फुकट मिळाली. एका बाजूला जुनं चिकटवायचं, बटण दाबायचं, दुसऱ्या बाजूला स्वच्छ मराठी. एकेक करून मी सगळे लेख बदलले. बहिणीवरच्या लेखापाशी हात थांबला होता. ती चिठ्ठी विसरलो असं म्हणायची सोय आहे, पण विसरलो नव्हतो. आपलं सर्वांत चांगलं लिखाण मागं ठेववेना.

पुढच्या महिन्यात ती आली. बसली नाही.

"भाईसाब कब आ रहे हैं, असं आता बिल्डिंगमध्ये कोणी विचारत नाही," ती म्हणाली. "इंग्रजी सगळ्यांनाच यायला लागलं वाटतं."

मी पाणी आणून दिलं. ते तिनं घेतलं नाही.

"दादा, मस्कत तुझं होतं ना? मग माझ्या तोंडी का घातलंस?"

लिखाणात तसं करावं लागतं, असं मी म्हणालो. ती चपला घालून निघून गेली.

खरं असं आहे. तिच्या लग्नाचं ते स्थळ मी आणलं होतं. तो तिला सोडून गेल्यावर शेजारीण चौकशीला आली तेव्हा दारात मीच बोलून गेलो, मस्कतला नोकरी लागली त्याला. बहीण मागं चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं शेजारणीला चहा दिला. माझी लाज राखायला ती ते मस्कत पुढं वर्षानुवर्षं वागवत राहिली. खजूरही मीच नेऊन द्यायचो.

त्याच संध्याकाळी लेख काढून टाकला. तोवर कोणीतरी तो उचलून ईमेलमधून पुढं धाडला होता. एका अनोळखी गृहस्थाकडून तो मलाच आला, वर लिहिलेलं, जरूर वाचा. मग दुरुस्ती लिहायला बसलो. 'सदर लेखात मस्कत व खजूर यांबाबत चूक झाली आहे.' वाचून पाहिलं. त्यातही 'मी' नव्हता. ती दुरुस्ती मसुद्यातच पडून राहिली.

बहिणीनं ती खोली सोडली आणि रत्नागिरीकडे गावी गेली. तिथंच वारली. तो लेख अजून फिरतो, आणि त्यातली बाई अजून खोटं बोलते. मस्कत मी सांगितलं होतं, खजूर मी आणत होतो, हे आता लिहून झालं. जिनं ते वाचायला हवं होतं तिला आता कुठला फाँट पोचणार?